एक फोटो कमी

सुचित्रा मांजरेकरने त्या सोमवारी तोंड उघडलं नसतं, तर जयवंतकाकांच्या वेबसाइटकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. हे ती स्वतःशी रोज कबूल करायची आणि रोज त्यावर काहीतरी पांघरूण घालायची. आज ना उद्या ती सापडलीच असती. कायदा तो कायदा. आपण नाही तर दुसऱ्या कोणी केलं असतं. पण पांघरूण तोकडं होतं, डोकं झाकावं तर पाय उघडे पडत.

तिचं ऑफिस परळला, गिरणी पाडून उभ्या केलेल्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. सिनेमांचे फोटो, पोस्टरं कोणी परवानगीशिवाय इंटरनेटवर लावली असतील तर ती हुडकायची आणि लावणाऱ्याला नोटीस धाडायची, हे काम. एका मोठ्या स्टुडिओने नुकतेच एका बंद पडलेल्या मराठी चित्रसंस्थेच्या सगळ्या सिनेमांचे हक्क विकत घेतले होते. ते सिनेमे नव्याने झळकवायचे होते, आणि त्याआधी चाहत्यांच्या वेबसाइट झाडून साफ करून हव्या होत्या. चाहत्यांनीच ज्या आठवणी जिवंत ठेवल्या त्यांच्याच हातातून त्या काढून घ्यायच्या आणि मग त्यांनाच दाखवायच्या, असा एकूण मामला. पण पगार देणाऱ्याला असं कोणी म्हणत नाही.

"हिंदीवाल्यांनी चाळीस साइट्स काढल्या," मॅनेजर पुष्कर मीटिंगमध्ये म्हणाला. "आणि मराठीत झीरो? सुचित्रा, तू लालबागची ना यार? तुम्हा लोकांना नाही माहीत तर कोणाला?"

टीम लीडची जागा दोन महिने रिकामी होती. तिच्या मागून आलेले दोघे पुढे गेले होते. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, तेव्हा तिला ते बरं वाटलं. होय, बरं वाटलं, आणि तीच तर खरी लाज.

"मला एक माहितीय," ती म्हणाली.

तिला ती माहीत असणारच, कारण ती तिनेच बनवली होती.

जयवंत गावकर तिच्या माहेरच्या चाळीतले, दोन खोल्या सोडून राहणारे. लालबागच्या एका थिएटरात एकतीस वर्षं डोअरकीपर. अक्षर असं, की 'हाउसफुल्ल'चा बोर्ड तेच रंगवायचे, आणि जून महिन्यात चाळीतल्या सगळ्या पोरांच्या वह्यांवर नावं घालून द्यायचे. एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत. इंदुप्रभा ही त्यांची नटी. जुन्या काळातली, त्याच चित्रसंस्थेचे डझनभर सिनेमे करून गावी निघून गेलेली. काकांचं हे वेड घरात उघड होतं. सुभद्राकाकू म्हणायच्या, "माझी सवत फोटोत रवता, म्हणान बरा."

तिच्या सिनेमांचे फोटो काकांकडे कसे आले त्याचीही गोष्ट आहे. सिनेमा लागला की वितरकाकडून रिळांबरोबर फोटोंचा संच यायचा, तो थिएटरच्या काचेच्या कपाटात लावायचा. सिनेमा उतरला की फोटो पुसायचे, मोजायचे, यादी दोन प्रतींत करायची आणि गिरगावात वितरकाच्या ऑफिसात पोचते करायचे. एक प्रत त्यांना, दुसरीवर त्यांची सही घेऊन परत यायचं. एखादा कमी पडला तर यादीखाली 'कमी' असं लिहून त्याचं कारण लिहायचं आणि खाली आपलं नाव. "एकतीस वर्षांत माझा एक फोटो कमी पडला नाय," हे काका दर गणपतीत कोणा ना कोणा पाहुण्याला ऐकवायचेच. मग एकदा ते संच घेऊन गिरगावात गेले तर दाराला कुलूप. तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. पुढे त्यांचंही थिएटर बंद पडलं. दुसऱ्या थिएटरांतले दोस्त आपापले संच रद्दीत घालायला निघाले, ते काकांनी मागून आणले. सगळे मिळून दोनशे तेरा फोटो. पत्र्याच्या पेटीत कापूर टाकून त्यांनी ते ठेवले. विचारलं की म्हणायचे, "मालक येईपर्यंत."

सुचित्राला कॉलेजात प्रोजेक्टसाठी वेबसाइट बनवायची होती. तिने ते फोटो एकेक करून स्कॅन केले, काकांनी प्रत्येकाखाली मजकूर सांगितला. हा कितव्या आठवड्यातला, या सीनला पब्लिक कसं शिट्ट्या मारायचं, या फोटोच्या कोपऱ्याला डाग का पडला. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. साइट पुढे पंधरा वर्षं चालली. सावंतवाडीहून, नागपूरहून, कुठूनकुठून माणसं पत्रं लिहायची, आणि काका एका बोटाने टाइप करत प्रत्येकाला उत्तर द्यायचे.

आणखी एक, दोनशे चौदावा फोटो होता. तो काकांनी उसन्या कॅमेऱ्याने काढलेला. सहा वर्षांची सुचित्रा, पुढचे दोन दात पडलेले, थिएटरच्या काचेच्या कपाटाला नाक लावून आतल्या इंदुप्रभेकडे बघतेय. साइट बनवताना तिने पहिला तो चढवून पाहिला होता. "काका, याला कुठूनच लिंक देत नाही," ती म्हणाली होती. "पत्ता माहीत असल्याशिवाय जगात कोणाला दिसायचा नाही. फक्त तुम्हाला आणि मला." काकांना त्याची फार मजा वाटली होती.

मीटिंगनंतर तिने साइटचं एकेक पान उघडलंच नाही. ती कोणत्या तोंडाने उघडणार? फोटो जिथे साठवले होते त्या फोल्डरचा पत्ता तिला पाठ होता. तो तिने ऑफिसच्या प्रोग्राममध्ये घातला आणि यादी आपोआप तयार झाली. दोनशे चौदा प्रतिमा. आकडा तिने वाचलासुद्धा नाही. नेहमीच्या इंग्रजी नोटिशीचं मराठी तिनेच केलं: 'सदर प्रतिमा तात्काळ काढून टाकाव्यात व त्यांच्या सर्व प्रती कंपनीच्या स्वाधीन कराव्यात.' हे वाक्य सगळ्याच नोटिशींत असतं आणि ते कोणीच मनावर घेत नाही. खाली सही वकिलाची. सुचित्राचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याने तिला किती हायसं वाटलं!

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हे. लहानपणी आई कामावर गेली की तिचं दुपारचं जेवण सुभद्राकाकूंकडेच असायचं.

नंतरचे दोन रविवार ती दादरच्या आपल्या घरून माहेरी गेलीच नाही. चोराच्या मनात चांदणं. आईचा फोन आला. "अगं, जयवंतभावजींना कसली कोर्टाची नोटीस आलीय. त्यांनी ती वेबसाइट बंद करून टाकली. जेवत नाहीत धड. तू त्यातली ना, बघ जरा."

"अशा नोटिसा सगळ्यांना येतात, आई. घाबरू नका म्हणावं," सुचित्रा म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी खालून रिसेप्शनचा फोन आला. "मॅम, एक अंकल आये हैं, पेटी लेके. मराठीमें कुछ बोल रहे हैं. आप आओगे क्या?"

ती लिफ्टने उतरली. खाली चकचकीत फरशीवर, सामानाच्या ढकलगाडीला दोरीने बांधलेली ती पत्र्याची पेटी, आणि शेजारी जयवंतकाका. गणपतीत घालतात तो इस्त्रीचा पांढरा शर्ट. तिला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"बरं झालं तूच आलीस," ते म्हणाले, आणि शेजारच्या वॉचमनला कौतुकाने सांगू लागले, "ही आमच्या चाळीतली. एवढीशी होती. आता बघा केवढ्या ऑफिसात आहे."

"काका, हे आणायची काही गरज नव्हती."

"नोटिशीत लिहिलंय की. स्वाधीन करा." त्यांनी दोरी सोडायला घेतली. "आणि लिहिलं नसतं तरी आणायला हवे होते. इतकी वर्षं लोकांची वस्तू घरात ठेवली. मालक कोण ते शोधलं नाय, वर जगाला दाखवत बसलो. ती नोटीस वाचून माका लाज वाटली, सुचित्रा. सुभद्रा विचारी, काय लिहिलंय, तर तिला सांगवेना."

लाज त्यांना वाटली होती! सुचित्राला वाटलं, ही गुळगुळीत फरशी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आत्ता सांगून टाकायला हवं होतं. काका, ही नोटीस मी लिहिली. एवढेच शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आले आणि काउंटरमागची मुलगी बघते आहे म्हणून परत गेले.

काकांनी पाहुण्यांच्या सोफ्यावर फोटो मांडले आणि मोजायला सुरुवात केली. कुरियरवाले येत होते, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरं कॉफी पीत बघत होती. काकांना घाई नव्हती. फोटो उचलायचा, मागचा आकडा वाचायचा, यादीत खूण करायची आणि फोटो पालथा ठेवायचा. अर्ध्यापाऊण तासाने ते दोनशे तेरावर थांबले.

"तुमच्या यादीत दोनशे चौदा आहेत," ते पेटीकडे बघत म्हणाले. "मी दोनशे तेरा आणले. शेवटचो कंपनीचो नाय. तो मी काढलेलो."

दोनशे चौदा. हा आकडा नोटिशीत गेला होता आणि तो तिने पाहिला नव्हता. बाहेरच्या कोणाला तो फोटो सापडणं शक्यच नव्हतं. काकांच्या ध्यानात आलं असेल का? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते यादीच्या दोन प्रतींमध्ये कार्बन नीट लावण्यात गुंतलेले. नसेल आलं, ती स्वतःशी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला कुठे एवढं कळतंय. आणि असा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःची किळस आली.

"इथे सही दे. पोचल्याची."

तिने सही केली. बँकेत करते ती नव्हे, अशी काहीतरी वेडीवाकडी रेघ ओढली, की वाचणाऱ्याला त्यातून कोणाचंही नाव काढता यावं. काकांनी ती रेघ जरा वेळ पाहिली, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. मग रिकामी ढकलगाडी ओढत ते दाराबाहेर गेले. परळ ते लालबाग चालत.

वर पुष्कर पेटीकडे बघून हसायलाच लागला. "हे कागद घेऊन काय करू मी? आपल्याला फक्त साइट बंद हवी होती. झाली. परत देऊन टाक अंकलना." बोलता बोलता त्याने मधलेच काही फोटो चाळले आणि एक बाहेर काढला. 'बंदरावरची चंद्रा'मधला. धक्क्याच्या पायरीवर इंदुप्रभा, ओला पदर पिळत, खांद्यावरून मागे बघून कोणाला तरी हसतेय. "बाप रे, कडक आहे! स्टुडिओकडे यांच्या एकाही सिनेमाचा ओरिजिनल फोटो नाहीये, माहितीय? लाँचच्या दिवशी फ्रेम करून त्यांच्या हेडला देऊ. दोनशेतला एक, कोण मोजतंय?"

कोण मोजतंय ते सुचित्राला पक्कं माहीत होतं. ती नुकतीच ते मोजणं बघून आली होती. पण टीम लीडचं पत्र शुक्रवारी निघणार होतं. सोमवारी न सांगता उघडलेलं तोंड बुधवारी काही केल्या उघडेना.

शुक्रवारी पत्र मिळालं. पेढे वाटले. शनिवारी दुपारी ती टॅक्सीत पेटी घालून लालबागला गेली.

मसाल्याचे दिवस होते. मसाला कुटणाऱ्या डंखांचा धपधप आवाज चाळीच्या जिन्यापर्यंत येत होता आणि मिरचीचा खाट नाकात जात होता. सुभद्राकाकूंनी दारातच तिचे हात धरले. "इलंस गो बाय! किती दिवसांनी. तुझ्या काकांक सांग जरा, वेळेवर जेवा म्हणान." आणि तिला विचारायच्या आत कोकम सरबत करायला वळल्या. देवांच्या फळीवर, कोनाड्यात, दोनशे चौदावा फोटो टेकवून ठेवलेला होता. दात पडलेली सुचित्रा काचेला नाक लावून उभी होती.

"काका, कंपनीला हे नकोत," ती घाईघाईने म्हणाली. "तुमच्याकडेच ठेवा. साइट नाही, पण फोटो राहू देत."

काकांनी चष्मा लावला, खिशातून ती घडी केलेली यादी काढली आणि चटईवर बसून पेटी उघडली. एकतीस वर्षं मोजत आलेल्या माणसाने आज मोजू नये, एवढी एकच आशा सुचित्राने टॅक्सीभर धरली होती.

एक. दोन. तीन. काकू सरबत ठेवून गेल्या. ती ते प्यायली नाही. शंभर झाले, सव्वाशे झाले. एकशे तीस.

"एकशे एकतीस?" काका म्हणाले.

त्यांनी पुढचे सगळे मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. दोनशे बारा.

"चंद्राचा धक्क्यावरला," ते म्हणाले. "खंय गेलो?"

"साहेबांनी ठेवून घेतला. स्टुडिओच्या मोठ्या साहेबांना भेट द्यायला." तिला स्वतःचाच आवाज ऐकवत नव्हता. "मी बघत होते काका. मी काही बोलले नाही."

ज्यांनी या माणसाला चोर ठरवलं, त्यांनीच त्याच्या पेटीतून फोटो उचलला होता. काकांनी मात्र असं काही म्हटलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" सुचित्राने विचारलं. "त्या नोटिशीचं."

"इली त्याच दिवशी कळलं. चौदावो फोटो तुझ्या-माझ्याशिवाय कोणाक ठाऊक?" त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "दोन दिवस फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, पोरगी नोकरी करते, वरून हुकूम येतात. मी पण थिएटरात मॅनेजर सांगेल ते केलंय. तुझ्या आईला बोललो नाय, सुभद्राला पण नाय. तुका कोणी तरी सांगितलेलं असणार. होय ना?"

केवढी सोपी वाट करून दिली होती त्यांनी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. काका ते मानायला तयार बसले होते, दोन आठवडे त्यांनी तेच स्वतःला समजावलं होतं. बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली आपटली. सुचित्राने फळीवरच्या त्या मुलीकडे पाहिलं.

"नाही काका," ती म्हणाली. "कोणी नाही सांगितलं. त्यांना तुमची साइट माहीतच नव्हती. मी आपण होऊन सांगितली. मला पुढे जायचं होतं."

दारात काकू उभ्या होत्या. केव्हा आल्या कोण जाणे. त्या आत गेल्या आणि आत भांड्यांचा आवाज बराच वेळ आला नाही.

काकांचा चेहरा उतरला. इतके दिवस जे त्यांनी कसंबसं धरून ठेवलं होतं, ते तिने त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि तेही तिला समोर बसून बघावं लागलं. ते ओरडले असते तर तिला सोसलं असतं. चल नीघ म्हणाले असते तर ती निघाली असती.

त्यांनी पेन काढलं. यादीच्या तळाशी, त्या ठसठशीत अक्षरात, सावकाश लिहिलं: 'कमी: एक. क्र. १३१.' हे त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं असणार. त्याच्याखाली लिहिलं, 'कारण', आणि पुढे जागा सोडली. मग कागद फिरवून त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं.

तिने लिहिलं. काय घडलं ते, कोणी नेला, कोण बघत उभं होतं आणि पेटी मुळात परळला का न्यावी लागली, तेसुद्धा. चार ओळींत मावेना म्हणून समासात लिहिलं. काका वाट बघत बसले.

"नाव घाल," ते म्हणाले. "त्या दिवशीसारखं नको. वाचता येईल असं."

सुचित्राने नाव लिहिलं. पूर्ण, एकेक अक्षर सुटं, काका तिच्या वह्यांवर घालून द्यायचे तसं. त्यांनी कागद उचलला, वाचला, पेटीत सगळ्यात वर ठेवला आणि झाकण लावलं.